‘अनुदान तुमच्या खात्यावर येईल’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

बीड जिल्ह्यात केजला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, श्रावणबाळ, शिष्यवृत्ती, दिवसभर हेच काम. कोणत्या योजनेला कोणता कागद लागतो हे लोक मला विचारायला येतात. म्हणून हे लिहिताना जास्त जड जातंय. दाजींच्या व्यसनमुक्तीच्या नावाखाली अक्काचे 38,500 रुपये गेले, आणि तो फॉर्म मी माझ्या हातानं भरला होता.

अक्का आणि दाजी ऊसतोडीला जातात. दोघांचा मिळून एक कोयता, एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात. दाजींची दारू दोन-तीन वर्षांत इतकी वाढली की सकाळी क्वार्टर पोटात गेल्याशिवाय चहाचा कप हातात धरता येईना. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देताना टोळीच्या मुकादमानं अक्काला तोंडावर सांगितलं, "नवरा असाच राहिला तर पुढच्या टायमाला अर्धा कोयता धरीन." त्या रात्री तिचा फोन आला. कसंही कर, पण दसऱ्याच्या आत ह्यांना नीट कर, एवढंच म्हणाली.

पोळ्याच्या आधी एक माणूस दुकानात आला. इन केलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, फायलीत अशोकस्तंभ छापलेले अर्ज. म्हणाला, केंद्राची नशामुक्तीची योजना आहे, तीन महिन्यांचे 36 हजार आधी भरायचे, माणूस बरा होऊन घरी गेला की 80 टक्के अनुदान नातेवाइकाच्या खात्यावर जमा होतं. फाईलचे अडीच हजार वेगळे. आधार, रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो आणि तीन सह्या. त्यातल्या दोन सह्या कोऱ्या कागदावर.

नशामुक्त भारत अभियान 15 ऑगस्ट 2020 ला सुरू झालेलं मला माहीत होतं. नाव खरं होतं, म्हणून त्याच्या तोंडचं बाकी सगळं मी खरं धरलं. उचलीतले 25 हजार काढले, उरलेल्यासाठी अक्कानं गंठण गहाण टाकलं. पैसे मी फोनपेनं पाठवले, तेही त्या माणसाच्या स्वतःच्या नंबरवर, कारण "संस्थेचं खातं ऑडिटला आहे". रोज शंभर लोकांचे व्यवहार करणाऱ्या मला तिथंच थांबायला पाहिजे होतं.

केंद्र तीन तासांवरच्या एका शहराबाहेर. पत्र्याचं शेड, आत तीस-चाळीस गाद्या, खिडक्यांना जाळी. बोर्डावर ठळक ‘शासनमान्य’ आणि खाली नोंदणी क्रमांक. डॉक्टर कुठं आहेत विचारलं तर संध्याकाळी येतात म्हणाले. पहिले 21 दिवस भेट नाही, फोन नाही. निघताना दाजींनी माझं मनगट धरलं. "पाव्हणं, मला सोडून चाललाव व्हय?" मी हात सोडवून घेतला.

चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून एका पोराचा फोन आला. तो तिथून सुटून गेलेला होता. "तुमच्या पेशंटला दुसऱ्या रात्री फिट आली, घेऊन जावा," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. आम्ही जीप करून गेलो. गेटवर दोन तास ताटकळत ठेवलं, मग दाजींना बाहेर आणलं. जिभेच्या कडेला दातांचा काळा व्रण होता. डाव्या पायाच्या घोट्याभोवती साखळीचा वळ. अक्का समोर उभी होती, तिला ते ओळखेनात. खाली वाकून हवेतलंच काहीतरी गोळा करत होते आणि दोन्ही हातांनी गाठ मारत होते. अक्काला आधी कळलं. "मोळी बांधू लालेत," म्हणाली आणि तिथंच मातीत बसली.

तिथून थेट अंबाजोगाईला स्वारातीच्या, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेजच्या, दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि औषधं नसतील तर माणूस जाऊही शकतो. झटके रोखायच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं द्यावी लागतात, कुणीतरी रात्रंदिवस लक्ष ठेवावं लागतं. कोंडून ठेवल्यानं हे होत नाही. सहाव्या दिवशी दाजींनी अक्काला ओळखलं आणि "पोरं कुठंत?" असं विचारलं. केसपेपर आणि तपासण्यांचे किरकोळ पैसे सोडले तर तिथं आमचा खर्च झाला नाही. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, म्हणजे आरोग्य विभागाचे जे दवाखाने आहेत, तिथं तर 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसुद्धा फुकट आहे. हे मला आधी माहीत होतं. पण दारू सोडवायला सरकारी दवाखान्यात जायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

नंतर अर्जाची झेरॉक्स घेऊन मी समाज कल्याणच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी कागद उलटापालटा केला आणि सांगितलं, अशी योजनाच नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्राचं सामाजिक न्याय मंत्रालय पैसे देतं हे खरं, पण ते केंद्र चालवणाऱ्या संस्थेला. रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या खात्यावर त्यातलं काही येत नाही. व्यसनमुक्तीसाठी ‘आधी भरा, मग अनुदान परत’ असं कुणी म्हणालं की ते खोटं, एवढं तुम्ही धरून चाला.

बोर्डावरच्या नंबराचं मला जास्त लागलं. फोटो काढून आणला होता, घरी मोठा करून पाहिला. तो ‘एफ’नं सुरू होणारा होता, म्हणजे धर्मादाय कार्यालयाचा. असा नंबर भजनी मंडळालाही मिळतो, तरुण मंडळालाही मिळतो. त्यांचे कागद मी स्वतः टाईप करून दिलेत. त्यावरून संस्था नोंदलेली आहे एवढंच कळतं, माणसं ठेवून उपचार करायची परवानगी कळत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. तोच कागद मागा. याच कायद्यानं साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड हातात असो वा नसो, सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी मोफत उपचाराचा हक्क आहे. हे मी आता पाठ केलंय.

लोक अशा शेडपर्यंत का जातात तेही सांगतो. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. छत्रपती संभाजीनगर (घाटी), नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या मेडिकल कॉलेजांत मनोविकार विभाग आहेत, पण दारूसाठी तिथं जाता येतं हे तांड्यावर, वस्तीवर कुणी जाऊन सांगत नाही. तो फायलीवाला मात्र वस्तीपर्यंत येतो.

त्याच माणसानं अक्काला दीड हजारांची पुडीही दाखवली होती, जेवणात गुपचूप मिसळायची. ती आम्ही घेतली नाही, ते बरं झालं. असल्या पुडीत दारू सोडवायचं औषध असलं आणि माणूस नकळत त्यावर प्याला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब पडतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय आणि त्या माणसाच्या होकाराशिवाय ते देत नाहीत.

पोलिसांत अर्ज दिलाय. तिथं अडचण झाली ती पावतीची. पैसे घेऊन त्यांनी दिलेल्या पावतीवर बारीक अक्षरात ‘ऐच्छिक देणगी’ छापलेलं होतं, आणि देताना मी ते वाचलं नव्हतं. बऱ्याच फेऱ्या मारल्यावर 9 हजार परत मिळाले. बाकीच्यासाठी रोज वेगळं कारण. दाजींना दर पंधरा दिवसांनी औषधाला न्यावं लागतं, म्हणून या हंगामात ते गावीच आहेत. अक्का जावेच्या टोळीबरोबर अर्धा कोयता म्हणून गेली, उचल फेडायला. गंठण अजून गहाणच आहे.

घरात कुणी पिणारं असेल तर आधी 14446 लावा, नशामुक्तीची ती मोफत हेल्पलाइन आहे. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर 14416, टेलिमानस. तिथं रात्रीही मराठीत बोलता येतं. दोन्ही नंबर मी दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेत.

आणि केज, धारूर, परळी, गंगाखेड या पट्ट्यात कुणाकडे अशी ‘ऐच्छिक देणगी’ची पावती असेल तर ती फेकू नका. पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर पाठवले ते फोनमधून काढून ठेवा आणि स्वतःच्या ठाण्यात अर्ज द्या. आमच्या अर्जावर साहेब म्हणाले होते, एकट्याची तक्रार आहे.