वेगवान गिअरचं रील घ्यावं की आहे त्याचा स्पूल भरावा?

जिताड्यासाठी गरवणारे, म्हणजे खाडीतला हा मासा गळाने धरणारे, बरेच जण वर्ष-दोन वर्षांत या प्रश्नापाशी येतात. हातातलं रील, म्हणजे रॉडवरचं लाईन (दोरी) गुंडाळायचं यंत्र, हळू वाटू लागतं आणि नजर वेगवान गिअरवर जाते. माझंही तसंच झालं. आज माझ्याकडे चार हजार साइजची दोन स्पिनिंग रीलं आहेत, जुनं ५.३:१ गिअरचं आणि नवं ६.२:१ चं. दोन्ही रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर वापरली, आधी स्पूल (लाईन गुंडाळली जाते ती चकती) अपुरा भरलेला असताना आणि मग पूर्ण भरून. तेवढ्या अनुभवावर हे लिहितो आहे. तुमचं पाणी आणि तुमचा हात वेगळा असेल, तर थोडं इकडेतिकडे धरून चाला.

गिअरचा आकडा हँडलच्या एका फेरीत रोटर, म्हणजे स्पूलभोवती लाईन गुंडाळणारा भाग, किती वेळा फिरतो एवढंच सांगतो. लाईन किती येणार हे त्या क्षणी स्पूलवर असलेल्या लाईनच्या घेरावर ठरतं. डब्यावर एका फेरीला अमुक सेंटीमीटर असं छापलेलं असतं, तो आकडा पूर्ण भरलेल्या स्पूलचा. आपण मात्र १०० मीटर ब्रेडचं (विणलेल्या बारीक लाईनचं) पाकीट आणतो, खोल स्पूलवर तसंच गुंडाळतो आणि पाण्यावर जातो. माझ्या जुन्या रीलवर लाईन काठापासून जवळजवळ ६ मिमी खाली बसली होती. वरून बघताना ते फार वाटत नाही. पण काठाशी ४७ मिमी असलेला व्यास तिथे ३५ वर येतो, आणि एका फेरीला येणारी लाईन ७८ सेंमीवरून ५८ वर. चौथा हिस्सा तिथेच गेला.

हे मला खाडीच्या तोंडाशी कळलं, आणि माझ्यापुरता निकालही तिथेच लागला. सुकती लागली की पाणी समुद्राकडे धावतं. लूअर (नकली आमिष) प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्यायचं, ही जिताड्याची नेहमीची रीत. पण इथे लूअर आपल्याकडेच येत असतं, त्यामुळे हँडल फिरवून गोळा केलेली बरीचशी लाईन नुसता झोल (लाईनचा ढिलेपणा) काढण्यात जाते. सेकंदाला एक फेरी ही माझ्या हाताची लय. पाण्याला ओढ असली की ५८ सेंमी जेमतेम झोल काढायला पुरत. लूअर कधी ताणात, कधी मोकळं. जिताडा लूअर तोंडात ओढून घेतो आणि नको वाटलं तर तितक्याच झटक्यात थुंकतो. मधे झोल असेल तर त्यातलं काहीच हाताला कळत नाही. पाण्यावर ‘थाप’ ऐकू यायची, मी रॉड उचलायचो आणि पुढे काही नसायचं.

त्याहून त्रासाची गोष्ट पुढच्या कास्टला, म्हणजे लूअर परत फेकताना, घडायची. झोल असताना गुंडाळलेली लाईन स्पूलवर सैल बसते. तिच्यावर पुढचे ताणलेले वेढे येतात आणि जोरात कास्ट केला की सैल वेढे घोळक्याने सुटून रॉडच्या पहिल्या रिंगपाशी गुंता होतो. पहाटे अंधारात, डोक्याला टॉर्च बांधून, ओल्या बोटांनी बारीक ब्रेडचा गुंता सोडवत बसायचं, आणि समोर सुकतीची नेमकी कामाची वीस मिनिटं निघून जायची. या एका गोष्टीने मला इतका वैताग आणला की मी नवं रील घेतलं.

आणि त्यावरही १०० मीटरचंच पाकीट चढवलं.

फरक पडला, नाही असं नाही. पण झोल पूर्ण गेला नाही. मग एकदा घरीच बघायचं ठरवलं. हूक काढलेलं लूअर समोरच्या माडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि पडवीच्या खांबापाशी बसून ओढून आणलं. अंतर २० मीटर. जुन्याला ३४ फेऱ्या लागल्या, नव्याला २९. मग जुन्या रीलवर ब्रेडखाली मोनोचं (एकपदरी नायलॉन लाईनचं) बॅकिंग, म्हणजे तळाचा थर, देऊन लाईन काठाजवळ आणली आणि तेच अंतर २६ फेऱ्यांत आलं. अपुरं भरलेलं वेगवान रील भरलेल्या साध्या रीलच्या मागे पडलं होतं.

नवं रीलही पूर्ण भरल्यावर अर्थात तेच पुढे जातं, माझ्याकडे २२ फेऱ्या. खडपावरून (किनाऱ्यावरच्या खडकांवरून) मेटल जिग, म्हणजे धातूचं लूअर, झपाट्याने ओढायचा असेल, सुरमई किंवा ट्रेव्हली डोक्यात असेल, तर वेगवान गिअर घ्या, त्याला पर्याय नाही. फक्त एका फेरीला जास्त लाईन म्हणजे हाताला जास्त ओढ, मग ती गिअरमुळे येवो की स्पूलमुळे. खोल जाणारं लूअर ९० सेंमीच्या फेरीने ओढत राहिलं की तासाभरात मनगट बोलू लागतं. शिवाय जिताड्याला मधे थांबत, रेंगाळत आणलेलं लूअर आवडतं. वेगवान रीलवर हात मुद्दाम आवरावा लागतो, आणि लक्ष जरा हललं की तो सुटतो.

कमी भरलेल्या स्पूलच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. ड्रॅग (मासा लाईन ओढू लागला की लागणारा रीलचा ब्रेक) तेवढाच ठेवला तरी घेर लहान असताना लाईनवर त्याची पकड जास्त बसते, आणि मासा ओढून आणायला जोरही जास्त मिळतो. दगडात घुसणाऱ्या तांबोशीसाठी कोणी मुद्दाम स्पूल रिकामा ठेवत असेल, तर मी वाद घालणार नाही. बेटकास्टरवर (कास्ट करताना ज्याचा स्पूल स्वतः फिरतो अशा रीलवर) हलकं लूअर टाकायचं असेल तर कमी लाईनचा हलका स्पूल लवकर वेग घेतो, हेही खरं. मात्र तिथे स्पूल मुळातच लहान, त्यामुळे वेगाचं नुकसान जास्त. ३४ मिमीच्या स्पूलवर लाईन ४ मिमी खाली असली, तरी जवळजवळ चौथा हिस्सा जातो.

सुकतीला खाडीवर जाताना मी आता जुनं, भरलेलं रील उचलतो. नवं खडपावर जातं.

तुमच्या मनात नवं रील असेल तर आधी शंभरेक रुपयांच्या मोनोवर हा प्रयोग करून बघा. बॅकिंग किती लागेल याचा अंदाज सहसा चुकतो, म्हणून उलटीकडून सुरुवात करा. रिकाम्या स्पूलवर आधी ब्रेड गुंडाळा, तिला मोनो जोडा आणि काठापासून दीड-दोन मिमी राहीपर्यंत भरा. मग सगळं काढून दुसऱ्या रिळावर घ्या, तिथून तिसऱ्या रिळावर घ्या आणि मग परत चढवा, म्हणजे मोनो तळाशी जातो. मोनोमुळे ब्रेड गुळगुळीत स्पूलवर घसरत नाही, हा आणखी एक फायदा. चढवताना लाईन ओल्या फडक्यातून ताणून घ्या. आणि अगदी काठोकाठ भरण्याचा मोह नको, तसं केलं की वेढे आपोआप ओघळतात आणि गुंता परत सुरू होतो.