मॉरिशस : आधी किनारा ठरवावा, मग हॉटेल

मॉरिशसचा नकाशा पाहणाऱ्याची पहिली फसगत अंतराच्या बाबतीत होते. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि पूर्व-पश्चिम 45 किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे कुठेही उतरलो तरी सगळे हाताशीच असेल असे वाटते आणि हॉटेल निवडताना छायाचित्रे, तरणतलाव व न्याहारीचे प्रकार एवढेच पाहिले जाते. प्रत्यक्षात महामार्ग सोडला की रस्ते उसाच्या शेतांतून आणि गावांच्या मध्यातून वळणे घेत जातात, संध्याकाळी राजधानी पोर्ट लुईच्या आसपास वाहने खोळंबतात, आणि पूर्व किनाऱ्यावरून नैर्ऋत्येच्या शामारेलला पोहोचायला दीड-दोन तास सहज लागतात. शिवाय एकाच दिवशी एका किनाऱ्यावर वारा छत्री उलटवत असतो, तर दुसऱ्या किनाऱ्यावर पाणी परातीत ओतल्यासारखे निवांत असते. महाराष्ट्रातून मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत सहा-सात रात्रींसाठी जाणाऱ्या कुटुंबापुढे उत्तर, पश्चिम आणि पूर्व असे तीन खरे पर्याय असतात. हॉटेलाचे नाव त्यानंतर यावे.

वाऱ्याचा हिशेब सर्वांत आधी करावा. बेट दक्षिण गोलार्धात असल्यामुळे आपला उन्हाळा तो तिथला हिवाळ्याचा आरंभ, आणि तिथला हिवाळा मे ते ऑक्टोबर असा चालतो. या काळात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात, जून ते सप्टेंबर त्यांचा जोर अधिक असतो, आणि मधल्या डोंगरांमुळे पश्चिम किनारा बराचसा त्यांच्या आडोशाला राहतो. ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मार येथील एका हॉटेलात चार रात्री काढताना हे आमच्या चांगलेच ध्यानात आले. खोली नेटकी आणि वाळू पिठासारखी होती. पण टॉवेल उडू नये म्हणून त्याच्या चारही कोपऱ्यांवर चपला ठेवाव्या लागत आणि मुले पाण्यात शिरली की दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येत. गुजराथी, मराठी, फ्रेंच अशी सगळीच कुटुंबे शेवटी भिंतीआडच्या तरणतलावाभोवती गोळा झालेली असत. हाच किनारा नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र सुखद ठरतो, कारण पश्चिमेकडे उकडत असताना इथे झुळूक असते. त्यामुळे पूर्व वाईट आहे असे नव्हे. तिची वेळ वेगळी आहे. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य काळ असून त्या दिवसांत हॉटेलांचे दर खाली आलेले दिसले, तरी रद्द करण्याच्या अटी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

उत्तरेकडील ग्राँ बे हे पर्यटकांचे मुख्य गाव आहे. दुकाने, भारतीय जेवणाची उपाहारगृहे आणि उत्तरेकडच्या छोट्या बेटांवर नेणाऱ्या कॅटामरान (जुळ्या सांगाड्याच्या) बोटी हे सारे तिथे चालत जाण्याच्या अंतरात मिळते; पांपलमूसचे वनस्पती उद्यान आणि पोर्ट लुईचा आप्रवासी घाटही जवळ पडतो. जहाजातून उतरलेले भारतीय मजूर ज्या पायऱ्या चढून या बेटावर आले, तो हा घाट 2006पासून जागतिक वारसा स्थळ आहे आणि तो पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावाच. अडचण अशी की ग्राँ बेचा मुख्य उपसागर नांगरलेल्या होड्यांनी भरलेला असतो, त्यामुळे पोहण्यासाठी त्रू ओ बिश किंवा माँ श्वाझी येथे जावे लागते. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला असल्याने पहिल्या आणि शेवटच्या दिवशी जवळजवळ सगळे बेट ओलांडावे लागते, हेही लक्षात असू द्यावे.

पश्चिमेकडील फ्लिक आं फ्लाकचा किनारा लांबलचक असून त्याच्या कडेने कोकणातल्यासारखी सुरूची झाडे आहेत. रविवारी स्थानिक कुटुंबे पातेली-डबे घेऊन या झाडांखाली बसतात आणि गाडीवर दालपुरी मिळते. ही दालपुरी म्हणजे गुळाशिवायची पातळ पुरणपोळीच. शिजवलेली डाळ भरलेल्या दोन पोळ्या, त्यांवर रसभाजी आणि मिरचीची चटणी, आणि कागदात केलेली गुंडाळी. शाकाहारी माणसाचे दुपारचे जेवण त्यात निभावते. तामारेंच्या उपसागरातील डॉल्फिन, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान, शामारेलची सप्तरंगी माती आणि हिंदूंचे तीर्थस्थान गंगातलाव ही सारी ठिकाणे या बाजूने सोयीची पडतात. जवळच कास्कावेल हे गाव आहे, जिथे एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांची वस्ती आहे. गणेशचतुर्थीला तर साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. गाव म्हणून फ्लिक आं फ्लाक फारसे देखणे नाही, इमारती जागा मिळेल तशा उभ्या राहिल्या आहेत, आणि रात्री नऊनंतर फिरायला विशेष काही उरत नाही. तरीही मे महिन्यातल्या कुटुंबाला माझी पसंती पश्चिमेलाच आहे.

पूर्व किनारा त्यांनी घ्यावा ज्यांना हॉटेलाबाहेर पडायचेच नाही. बेल मारची वाळू आणि उथळ, निळेहिरवे पाणी यांना बेटावर तोड नाही, आणि त्रू दो दूसहून ईल ओ सेर्फला होडीने जाता येते. पण हॉटेलाच्या आवाराबाहेर जेवायच्या जागा विरळ आहेत. दक्षिणेला प्रवाळाचे कडे जिथे तुटते तिथे लाटा सरळ खडकावर येतात, म्हणून तो भाग पाहण्यापुरता ठेवावा. परतीचे विमान पहाटेचे असल्यास शेवटची रात्र विमानतळाजवळच्या माहेबूर किंवा ब्लू बे येथे काढणे शहाणपणाचे.

जेवणाची योजना किनाऱ्यावरूनच ठरते. आपल्याकडचे प्रवासी एजंट ज्याला एमएपी म्हणतात ते तिथे हाफ बोर्ड, म्हणजे न्याहारी आणि रात्रीचे जेवण. पूर्वेला हाफ बोर्ड किंवा ऑल इन्क्लुझिव्ह (सगळी जेवणे आणि पेये दरातच) घेणे भाग पडते, कारण रात्री बाहेर जायचे तर टॅक्सी आली आणि टॅक्सीचे भाडे जेवणाइतके होऊ शकते. ग्राँ बे आणि फ्लिक आं फ्लाक येथे मात्र फक्त न्याहारीसह खोली, किंवा चौघे असल्यास स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट, स्पष्टपणे स्वस्त पडते. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील आणि कुकर-तांदळाशिवाय त्यांचे चालत नसेल, तर अपार्टमेंटला पर्याय नाही. ऑल इन्क्लुझिव्हचे पैसे मुख्यतः मद्यासाठी मोजले जातात. न पिणाऱ्या, दिवसभर बाहेर राहणाऱ्या कुटुंबाने तो दर भरणे म्हणजे शेजाऱ्याचे बिल चुकते करणे आहे.

फिरण्यासाठी बस स्वस्त आहे, पण संध्याकाळी लवकर थांबते, आणि मेट्रो किनाऱ्यांवर किंवा विमानतळावर जात नाही. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, म्हणून तीन दिवस भाड्याची गाडी आणि उरलेले दिवस समुद्र, ही विभागणी सहसा जमते. फेब्रुवारी 2024पासून तिथे यूपीआय सुरू झाले असले, तरी दालपुरीच्या गाडीसाठी सुटे मॉरिशियन रुपये जवळ असावेत.

खोली पक्की करण्यापूर्वी हॉटेलला लेखी विचारावे, की खोलीतून समुद्र 'दिसतो' म्हणजे समोर आहे की गॅलरीत वाकल्यावर, दरात कर आणि पर्यटक-शुल्क धरले आहे काय, आणि तिसऱ्या माणसाला खरा पलंग मिळेल की घडीचा सोफा. किनाऱ्याला लागून असल्याचे जादा पैसे मागितले, तर समुद्रकिनाऱ्याची वाळू सार्वजनिक आहे हे स्मरावे. रस्त्यापलीकडच्या अपार्टमेंटातला माणूसही त्याच वाळूवर येऊन बसतो, फक्त त्याला बसायला चटई स्वतःची आणावी लागते.