टीडब्ल्यूआयचा 'जॉब रिलेशन्स' कोर्स: सुपरवायझरला पाठवावं का?

"त्याची वृत्तीच वाईट आहे" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या सुपरवायझरसाठी हा कोर्स आहे. टीडब्ल्यूआय म्हणजे 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री', सुपरवायझरना शिकवण्याचा कार्यक्रम; त्यातला हा माणसं सांभाळण्याचा भाग. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखान्यांसाठी बनलेला, पण अजून जुना झालेला नाही. मूळ आराखड्यात दोन-दोन तासांची 5 सत्रं, गटात साधारण 10 जण आणि खिशात मावणारं एक कार्ड. कार्डावर 4 पायऱ्या: माहिती गोळा करा, तोलून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा.

खरी किंमत पहिल्या पायरीची. आधीचं रेकॉर्ड, लागू होणारे नियम आणि खात्यातला रिवाज बघायचा, माणसाशी बोलायचं, त्याचं मत आणि मनातली खदखद दोन्ही ऐकायची. इथे "निगेटिव्ह आहे" चालत नाही. "या आठवड्यात 3 वेळा हँडओव्हर न देता लाइन सोडली" असं लिहावं लागतं. मग पुष्कळदा कारण सापडतं: न विचारता बदललेली शिफ्ट, अडवलेली रजा, ज्युनिअरला आधी मिळालेलं मशीन. बोलणं लाइनवर चारचौघांत नको, शिफ्ट सुटताना तर नकोच. तेव्हा त्याचं लक्ष बसकडे असतं.

दुसऱ्या पायरीत प्रत्येक उपायाचा त्या माणसावर, टोळीवर आणि उत्पादनावर काय परिणाम होईल ते तपासतात. तिसरीत नेमका प्रश्न येतो: हे मी निस्तरू, मदत घेऊ, की वर पाठवू? सगळं एचआरवर ढकलायची सवय इथे उघडी पडते. चौथी पायरी मात्र हमखास गळते. पुन्हा कधी बघायचं ती तारीख निर्णयाच्या दिवशीच डायरीत टाकली नाही, तर कोणी बघत नाही.

उणिवाही आहेत. समोरचा आवाज चढवून बोलला तर काय बोलायचं, हे कार्ड शिकवत नाही. ठेकेदाराच्या माणसाची नाराजी पगारावरून असेल तर सुपरवायझरच्या हातात फारसं काही नसतं. आणि गैरवर्तनाचं प्रकरण असेल तर स्थायी आदेशांची (कारखान्यातल्या नोकरीच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांची) रीतच लागते. तिथे कार्ड काढून बसू नये.

घेणार असाल तर एका दिवसात उरकणारा प्रशिक्षक टाळा. प्रत्येकाने आपल्या खात्यातलं चालू प्रकरण आणून गटासमोर सोडवायचं असतं आणि सत्रांमधल्या दिवसांत ते जमिनीवर तपासायचं असतं. बजेट नसेल तर मूळ मॅन्युअल इंटरनेटवर फुकट मिळतं. उदाहरणं तेवढी आपल्या खात्यातली घाला.