विसण किती घालायचं ते सांगणारा तापमापक (चार तारे)

पाण्यावर तरंगणारा हा डिजिटल तापमापक मी ऑनलाइन 480 रुपयांना घेतला. बाळाच्या टबासाठी म्हणून विकतात. आमच्याकडे तो नऊ वर्षांच्या मुलासाठी आहे.

गेल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या पहाटे, खानापूरच्या घरी, सासूबाई त्याला न्हाऊ घालत होत्या. बंबातलं कडकडीत पाणी, डोक्यावर तांब्यामागून तांब्या. मध्येच त्याची नजर थिजली. हाक मारली तरी ओ देईना, आणि स्वतःच तांब्या घेऊन डोक्यावर ओततच राहिला. मग आकडी आली. महिन्याभरात न्हातानाच पुन्हा तसं झालं, तेव्हा डॉक्टरांनी निदान केलं: गरम पाण्याची मिरगी. साधारण 40 ते 50 अंशांचं पाणी डोक्यावर भराभर ओतल्यावर येते. दक्षिण भारतात ती बरीच दिसते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी 1988 साली अशा 279 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली होती. हे कळलं त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

घरात वाद व्हायचा तो विसणावरून. सासूबाईंचा हात बंबाच्या पाण्याला सरावलेला. बोट बुडवून त्या म्हणाल्या, "कोमट आहे गं." त्याच बादलीत तापमापक सोडला तर 44. त्या बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे त्या दिवशी मीच..." "आई, कुणालाच माहीत नव्हतं," मी म्हटलं. आता डॉक्टरांनी सांगितलेले 37 दिसेपर्यंत विसण त्याच घालतात आणि आकडा मला मोठ्याने वाचून दाखवतात.

आकडे ठळक आहेत, त्यांना चष्म्याशिवाय दिसतात. स्थिरावायला वीसेक सेकंद लागतात; तोवर पाणी ढवळत राहा, नाहीतर वरचं आणि तळाचं वेगळं असतं. पहिल्या नगाच्या सेलमध्ये पाणी शिरलं, दोन महिन्यांत बंद पडला. बदलून मिळाला, पण एक तारा त्यासाठीच कमी केलाय.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना एवढंच सांगते, तांब्या किती भराभर ओतता ते हा मोजत नाही. आम्ही सावकाश, थांबत थांबत ओततो. केस धुवायच्या दिवशी डॉक्टरांनी दिलेली गोळी दीड-दोन तास आधी देतो, ती तापमापक आला म्हणून बंद केलेली नाही. न्हाणीघराची कडी आतून लावू देत नाही.

खानापूरला बंबाशेजारी टांगायला आणखी एक मागवलाय.