जुन्या घरातले शिसे: आरओ बसवावा की नळवाहिनीच बदलावी?

बडोद्यात रावपुरा किंवा दांडिया बाजाराच्या बाजूला जुन्या घराची दुरुस्ती काढली, की पिण्याच्या पाण्यापाशी येऊन दोन पर्याय समोर उभे राहतात. एक म्हणजे स्वयंपाकघरात आरओ यंत्र बसवणे आणि दुसरा म्हणजे रस्त्यावरच्या फेरूलपासून (म्हणजे मुख्य जलवाहिनीवरच्या जोडणीपासून) घरातल्या शेवटच्या नळापर्यंत सगळी वाहिनी नवी घालणे. आमच्या घरी आधी पहिला आणि नंतर दुसरा असे दोन्ही करून झाले, म्हणून दोहोंविषयी चार शब्द अनुभवाने लिहिता येतील.

घरात शिरणारी नळी शिशाची आहे का, हे ओळखणे अवघड नाही. तिचा पृष्ठभाग मळकट करडा आणि मऊ असतो, नाण्याने खरवडले की आतून चांदीसारखी चकाकी दिसते आणि लोहचुंबक तिला चिकटत नाही. आमच्याकडे फेरूल आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप यांच्यामधला हातभर तुकडा असाच निघाला.

शिशाच्या बाबतीत आरओची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करायला हवे. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाचे प्रमाण लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि चांगले मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पातळ पडदा) असलेले, वेळच्या वेळी देखभाल होणारे यंत्र शिसे मोठ्या प्रमाणात काढून टाकते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण शिसे तसेच राहते, उलट वाफ निघून गेल्यामुळे किंचित दाटच होते. नुसत्या यूव्ही दिव्याचाही शिशावर काही परिणाम होत नाही. शिवाय आरओ एका दुपारात बसतो आणि त्यासाठी घर खणावे लागत नाही. त्यात पाणी वाया जाते आणि क्षारही निघून जातात, परंतु केवळ तेवढ्यासाठी मी तो नाकारला नसता.

मला खटकली ती गोष्ट वेगळीच होती. आरओ एकाच नळाचे पाणी शुद्ध करतो, आणि घरातली माणसे एकाच नळाचे पाणी पीत नाहीत. नातवंडे खेळून आली की गच्चीवरच्या नळाला तोंड लावतात, दात घासताना न्हाणीघरातल्या पाण्याने चूळ भरताना थोडे गिळतात, डाळ-तांदूळ धुण्यापासून कणीक भिजवण्यापर्यंतची सारी कामे हाताशी असलेल्या मोठ्या नळावरच उरकली जातात, आणि पाहुण्यांना तर कोणता नळ पिण्याचा हे ठाऊकच नसते. त्यामुळे घरात दिवसभर कुणीतरी कुणाला तरी टोकत असे. शिशाचा सर्वांत जास्त धोका लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला असतो, आणि नेमकी तीच मुले सांगितलेले ऐकत नाहीत. ज्या उपायाची परिणामकारकता पाच वर्षांच्या मुलाच्या शिस्तीवर अवलंबून आहे, त्यावर विसंबणे मला जड जाऊ लागले.

‘सकाळी थोडे पाणी सोडून द्यावे, मग भरावे’ हा परदेशांत नेहमी दिला जाणारा सल्लाही आपल्याकडे फारसा उपयोगी पडत नाही. ठरावीक वेळी पाणी येते तिथे नळीत तासन्‌तास साचून शिसे उतरलेले पहिले पाणी थेट टाकीतच जाते. त्यात भर म्हणजे, शिशाच्या नळीच्या आत जमलेला संरक्षक थर पाण्याच्या गुणधर्मावर टिकून असतो. अमेरिकेतील फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण गंज रोखण्याची प्रक्रिया केली नाही, तेव्हा हाच थर सुटून शिसे घरोघरी पोहोचले. आपल्या शहरात आजवा तलावाचेही पाणी येते आणि मही नदीचेही, म्हणून जुन्या थराच्या भरवशावर राहणे मला पटत नाही.

वाहिनी बदलण्याचा खर्च मोठा आहे, वॉर्ड कार्यालयाची परवानगी आणि रस्त्याचे खोदकाम यांत वेळ जातो, आणि काही दिवस घरभर धूळ असते. मात्र काम अर्धवट करू नये. शिशाचा तुकडा कापून पुढचा जुना जीआय पाइप तसाच ठेवला, तर त्याच्या गंजात वर्षानुवर्षे अडकलेले शिसे पुढेही सुटत राहते, आणि कापताना बसलेल्या हादऱ्यांनी काही काळ ते वाढूही शकते. आम्ही सीपीव्हीसी (पीव्हीसीचाच उष्णता सोसणारा प्रकार) पाइप घातला. तो घेताना पाइपवर 15778 हा भारतीय मानक क्रमांक पाहून घ्यावा. पूर्वी पीव्हीसी पाइपमध्ये शिशाचे संयुग स्थिरक (प्लास्टिक टिकवणारा घटक) म्हणून वापरले जात असे आणि त्याविरुद्धचे केंद्राचे नियम 2021 मध्ये आले, म्हणून गोदामात पडून राहिलेला जुना माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पितळी नळांतही थोडे शिसे असते, तेव्हा स्वयंपाकघरातला जुना नळ त्याच वेळी बदललेला बरा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, सोसायटीच्या सामाईक वाहिनीला हात लावता न येणाऱ्यांना, किंवा बोअरचे खारे पाणी वापरणाऱ्यांना मी आरओच सुचवीन. नव्या वाहिनीने रस्त्याखालच्या गळतीतून येणारे जंतू थांबत नाहीत, म्हणून आमच्याकडे पाणी आजही उकळूनच पितात. परंतु घर स्वतःचे असेल, त्यात लहान मुले असतील आणि दुरुस्तीसाठी भिंती फोडायच्याच असतील, तर माझा कल वाहिनी बदलण्याकडे आहे. रंगकाम सुरू होण्यापूर्वी प्लंबरला बोलवावे आणि खोदकाम फेरूलपासूनच करून घ्यावे.