लेबल गेलेली जुनी पोर्ट: बूच काढून ओळखायची की कॅप्सूल कापून?

लिलावातल्या मिक्स लॉटमध्ये किंवा कोणाच्या तरी तळघरात काळपट काचेची बाटली मिळते, लेबल कुजून गेलेलं असतं आणि आत पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची ब्रँडी घातलेली गोड वाइन, आहे एवढंच कळतं. मग दोन रस्ते उरतात. बूच काढून त्यावर काय छापलंय ते वाचायचं, नाहीतर बाटली बंदच ठेवून तोंडावरच्या कॅप्सूलची (बूच झाकणाऱ्या टोपणाची) खालची कड कापायची आणि काचेतून बूच वाचायचं. इंग्लंडला आल्यापासून मी दोन्ही केलंय.

त्याआधी बुचाचा प्रकार बघा. वर प्लास्टिकची टोपी असलेलं, हाताने फिरवून निघणारं बूच असेल तर ती बहुतेक रूबी किंवा टॉनी, म्हणजे बाटलीत मुरवायची गरज नसलेला पोर्टचा प्रकार, तिथे एवढा विचार नको, सरळ उघडा. गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरातून आली असेल तर तिकडे लोकल गोड रेड वाइनलाही पोर्टच म्हणतात हे धरून चला, ती खऱ्या पोर्टच्या, पोर्तुगालमधल्या डोरो खोऱ्यातली नव्हे. मानेवर पोर्तुगालची कागदी हमीपट्टी असेल तर प्रश्नच नाही, पण पट्टी नाही म्हणून लगेच नकली समजू नका, कारण 1970 च्या व्हिंटेजपर्यंत (म्हणजे त्या सालच्या सुगीपर्यंत) बराच माल पिंपांतून इंग्लंडला यायचा आणि इथले व्यापारी तो बाटल्यांत भरायचे. 1975 च्या व्हिंटेजपासून सगळं भरणं पोर्तुगालातच. त्यामुळे कॅप्सूलवर हार्वीज किंवा बेरी ब्रदर्स असं नाव दिसलं तर ते बाटली भरणाऱ्याचं नाव, पोर्ट कोणाची ते वेगळंच, आणि लेबल गेलं की ते कळायची चांगली जागा म्हणजे बूच.

बूच काढण्याच्या बाजूने बोलायचं तर बाटलीत काय आहे ते जिभेलाच कळतं. गाळ किती जाड बसलाय, रंग अजून लालसर आहे की विटकरी झालाय, हे सगळं ग्लासात समोर येतं आणि संध्याकाळही छान जाते. पण मला ज्याने हैराण केलं ते म्हणजे बूचच. पन्नाससाठ वर्षं आडवं पडून राहिलेलं बूच खालच्या अर्ध्या भागात वाइन पिऊन काळं आणि मऊ झालेलं असतं, वरचा भाग कोरडा भुसभुशीत. स्क्रू आत जातो तो बरोबर मधोमध, ओढलं की वरचा तुकडा हातात येतो आणि बाकीचं चुरा होऊन आत पडतं. आणि अक्षरं असतात बुचाच्या बाहेरच्या अंगावर, म्हणजे चुऱ्यात जातात तीच. मी चहाच्या गाळणीत तुकडे जमवून टिश्यूवर जुळवत बसलोय, एक '6' आणि अर्धं 'F' मिळालं, बाकी काही नाही, आणि तोवर बाटली उघडलेली, म्हणजे ती काय होती हे आता कायमचं गेलं. दोन पात्यांचा ओपनर वापरला तर बरं पडतं, पण मऊ बुचावर त्याचाही भरवसा मी देणार नाही.

कॅप्सूल कापण्यात तसं काही होत नाही. बाटली आडवीच ठेवायची, हलवायची नाही, धारदार ब्लेडने कॅप्सूलची खालची कड थोडी थोडी सोडवत वर जायचं आणि मानेच्या पलीकडून मोबाइलचा टॉर्च मारायचा. काच जाड असली तरी अक्षरं उभी दिसायला लागतात. खालचा काळा भाग वाचता येत नाही, पण वरचा बहुधा येतो. दोन सालं दिसली तर फरक बघा: 1963 आणि 1965 असं असेल तर सुगी 63 ची, बाटलीत भरली 65 ला, म्हणजे व्हिंटेज पोर्ट, एकाच सालाची आणि बाटलीतच मुरणारी. चार ते सहा वर्षांचा फरक लेट बॉटल्डकडे, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेल्या पोर्टकडे, बोट दाखवतो, सात किंवा जास्त असेल तर कोल्हेइता, म्हणजे एकाच सालाची पिंपात मुरवलेली टॉनी, असू शकते. विकायचा विचार असेल तर लिलाववाले कॅटलॉगमध्ये 'कॅप्सूल कापलेली' असं लिहितात, भाव थोडा उतरत असेलही, पण अनोळखी बाटलीपेक्षा नाव कळलेली बाटली मला तरी बरी वाटते. आधी एका लिलावगृहाला फोटो पाठवले होते, त्यांचं उत्तर आलं की बूच दिसल्याशिवाय काही सांगता येत नाही.

लाखेचं सील असेल तर मात्र मी ब्लेड लावत नाही, लाख तडकते आणि खाली हवेचा रस्ता उघडू शकतो. तिथे उघडायचंच ठरवलं तर पोर्टचे चिमटे मिळाले तर बघा: विस्तवावर लाल करून बुचाच्या खाली मान मिनिटभर धरायची, मग थंड ओलं फडकं लावायचं, मान गोल तडकून सुटते आणि बूच काचेच्या कड्यात अख्खं राहतं, अक्षरांसकट. नंतर मलमलीतून गाळून घ्यायचं, काचेचा कण आत जायला नको.

वाचून झाल्यावर बाटली परत रॅकवर ठेवताना अंगावर पांढऱ्या चुन्याचा फराटा आहे का पाहा. असेल तर तो वर येईल अशीच आडवी करा, आधी ती तशीच पडलेली होती, नाहीतर बसलेला गाळ सुटतो.