सेंद्रिय म्हणून विकलेली बाटली आणि माझे काकडीचे वेल

काकडीच्या वेलांवर पहिली पिवळी फुले उमलू लागली, त्याच आठवड्यात बुंध्याजवळच्या जुन्या, सावलीतल्या पानांवर पिठासारखे पांढरे ठिपके दिसले. ही भुरी, म्हणजे पानांवर भुकटीसारखी वाढणारी बुरशी आहे, यात मला शंका नव्हती. केवडा या पानांवरच्या दुसऱ्या रोगाचे डाग शिरांच्या चौकटीत अडकलेले, कोनदार आणि पिवळे असतात व त्यांची करडी बुरशी पानाच्या मागच्या बाजूला येते, तर हे ठिपके गोलसर होते आणि बोट फिरवले की भुकटी हाताला लागत होती. रोग मी बरोबर ओळखला, पण औषध घेताना फसले.

भुरी थांबायला वेळ देत नाही, हे खरे आहे. केवड्याला पान ओले असावे लागते, भुरीला तेही लागत नाही. हवा दमट आणि फार उष्ण नसली, पसारा दाट असला, की बीजाणू रुजल्यापासून नवी भुकटी दिसेपर्यंत बहुधा आठवडाही जात नाही. गंधक फवारावे, तर पसाऱ्याच्या आत गारवा असला तरी दुपारचे तापमान ३२ अंशांच्या वर जात होते, आणि तशा उन्हात गंधकाने पाने करपतात. काकडीचा तोडा एकदा सुरू झाला की जवळजवळ रोजचा असतो, त्यामुळे फवारणीनंतर थांबावे लागणार नाही असे काहीतरी मी शोधत होते, आणि विक्रेत्याने मला नेमके तेच देऊ केले.

पानांची छायाचित्रे पाहून त्याने उपयुक्त जिवाणू आणि वनस्पतींचा अर्क यांचे एक मिश्रण सुचवले. ते पूर्णपणे सेंद्रिय आहे, फुलोऱ्यात सुरक्षित आहे आणि फवारणीच्या दुसऱ्या दिवशी काकडी तोडली तरी चालते, असे त्याने सांगितले. बाटलीवर जिवाणूचे नाव नव्हते, एका मिलिलिटरमध्ये किती जिवंत पेशी आहेत तो आकडा नव्हता, बॅच क्रमांक नव्हता आणि वापराची मुदतही नव्हती. मी विचारले तेव्हा, सूत्र गुप्त ठेवावे लागते, असे उत्तर मिळाले. बाटली तिथेच परत करायला हवी होती, कारण जिवाणू जिवंत असतील तर त्यांना मुदत असतेच; पण ठिपके रोज वाढत होते आणि मी ते उत्तर मान्य केले.

मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी, सात दिवसांच्या अंतराने मी दोन फवारण्या केल्या. परिणाम इतका चांगला आला की मी विक्रेत्याचे मनापासून आभार मानले. जुने डाग तपकिरी पडून वाळले आणि फवारणीनंतर उमललेली पानेसुद्धा स्वच्छ राहिली. खरे तर मला तिथेच शंका यायला हवी होती. उपयुक्त जिवाणू प्रामुख्याने नव्या लागणीला अटकाव करतात, आधीच पसरलेली भुरी असे झटपट वाळवत नाहीत. पोटॅशियम बायकार्बोनेट बुरशी लवकर मारते, परंतु जिथे थेंब पडला तिथेच. जे औषध नव्याने फुटणाऱ्या शेंड्यालाही राखते, ते वेलाच्या आत शिरून वर चढणारे, म्हणजे आंतरप्रवाही असते.

तिसऱ्या आठवड्यात वेल बदलले. पेरांमधले अंतर निम्म्यावर आले, नवी पाने लहान, जाड आणि अनैसर्गिक गडद हिरवी झाली आणि शेंडे आखडले. ट्रायझोल गटातल्या बुरशीनाशकांचा काकडीवर्गीय वेलांवर जास्त मात्रेत असाच परिणाम होतो, कारण ती बुरशीला रोखतात तशीच वनस्पतीची वाढ घडवणाऱ्या जिबरेलिनच्या निर्मितीतही अडथळा आणतात. मी काकड्या आणि बाटलीतला उरलेला द्रव अवशेष तपासणीला दिला, आणि दोन्हींत टेब्युकोनाझोल हे ट्रायझोल गटातलेच बुरशीनाशक निघाले.

टेब्युकोनाझोल भुरीवर चालते आणि लेबलवरची मात्रा व तोडणीपूर्वीचा थांबण्याचा काळ पाळून ते अनेक पिकांवर वापरलेही जाते. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे: मात्रा ठाऊक नसलेले रसायन सेंद्रिय म्हणून माझ्या हाती दिले गेले, आणि त्याच्या भरवशावर मी त्या दोन आठवड्यांत तोडलेल्या काकड्या मुलांना सोलून न घेता खायला दिल्या. हे आठवले की अजूनही बेचैन व्हायला होते.

अहवाल पाठवल्यावर, तुमच्या पंपात आधीचे औषध राहिले असेल, असे विक्रेत्याने कळवले. बाटलीतला द्रव पंपात गेलेलाच नव्हता, हे मी लिहिल्यावर उत्तरे थांबली. उरलेली बाटली मी झाकण घट्ट लावून, तारीख लिहून अहवालासोबत जपून ठेवली आहे आणि दोन्हींसह तक्रार दाखल केली आहे. वेलांवरची सर्व फळे तोडून टाकली आणि वेलही उपटले.

दुसऱ्या लावणीत वेलांमध्ये अंतर जास्त ठेवले आहे, बुंध्याजवळची पाने वेळच्या वेळी काढते आणि पहिला ठिपका दिसताच पोटॅशियम बायकार्बोनेटची फवारणी पानांच्या दोन्ही बाजूंना करते. भुरी थोडी येते, आणि दर आठवड्याला पाने उलटून पाहावी लागतात.